मीटरवर दिसायला नको, पण वाजलं पाहिजे

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करा, पण गणपतीच्या आधी वाचा.

परवा दुपारी मंडळाची चार पोरं स्टुडिओत आली. स्टुडिओ म्हणजे काय, आमच्या कराडच्या घरातली पुढची खोली. भिंतींना जाड पडदे, कोपऱ्यात गाद्या, एक कॉम्प्युटर, दोन बरे स्पीकर. भजनाच्या सीडीपासून सरपंचकीच्या प्रचारगीतापर्यंत सगळं इथंच मिक्स होतं. पोरं ओळखीचीच. गेल्या वर्षी त्यांच्या मिरवणुकीचा ट्रॅक मीच केला होता.

"दादा, गेल्या वर्षीचा लई भारी वाजला. यंदा त्याच्या वर पाहिजे."

मी म्हटलं, अरे यंदा पोलीस मीटर घेऊन उभे राहणार आहेत, बैठकीत सांगितलंय ना? तर त्यातलं एक पोरगं, हुशार आहे, डिप्लोमा केलाय त्यानं, खुर्ची पुढं ओढून म्हणालं, "म्हणूनच तुमच्याकडं आलोय. मीटरवर दिसायला नको, पण वाजलं पाहिजे. ते कॉम्प्रेसर का काय असतंय ना, त्यानं होतंय म्हणे."

मी चहा मागवला. कारण याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि दिलं तर खोटं ठरतं. त्यांना तासभर जे सांगितलं आणि जे सांगायला धजलो नाही, ते दोन्ही इथं लिहितोय.

कॉम्प्रेसर म्हटलं की आपल्याकडं पंक्चरवाला नाहीतर फ्रीज आठवतो. आवाजाचा कॉम्प्रेसर वेगळा. तो म्हणजे आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसलेला एक अत्यंत चपळ माणूस समजा. तुम्ही त्याला एक रेषा आखून देता. आवाज त्या रेषेच्या वर गेला की तो बटण खाली ओढतो, आवाज खाली आला की बटण परत जागेवर सोडतो. किती ओढायचं तेही तुम्हीच ठरवता. चारास एक असं ठेवलं तर रेषेच्या वर 8 डेसिबल गेलेला आवाज फक्त 2 डेसिबल वर राहतो. किती लवकर ओढायचं आणि किती सावकाश सोडायचं, याची आणखी दोन बटणं. बस्स, एवढंच यंत्र आहे.

लक्षात घ्या, हे यंत्र आवाज वाढवत नाही. कमी करतं. 1930 च्या दशकात रेडिओवाल्यांनी ही जात वापरायला सुरुवात केली ती ट्रान्समीटरवर जादा भार पडू नये म्हणून. म्हणजे मूळ काम राखणदारीचं. पण उंच उड्या छाटल्या की वर जागा रिकामी होते, आणि मग शेवटचं एक बटण असतं, त्यानं सगळाच आवाज उचलून त्या रिकाम्या जागेत बसवता येतो. सगळी गंमत आणि सगळा घोळ त्या शेवटच्या बटणात आहे.

स्टिरिओ कॉम्प्रेसर म्हणजे हाच प्रकार डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना एकदम लावलेला. सगळी वाद्यं, सगळे आवाज एकत्र आले की शेवटच्या वाटेवर तो बसतो. सॉलिड स्टेट लॉजिक नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या मोठ्या मिक्सरमध्ये मधोमध असा एक असायचा. 1980 च्या दशकात तो मिक्सर जगभरच्या स्टुडिओत पोचला आणि त्या काळची असंख्य गाणी त्यातून गेली. माझ्याकडं त्याची सॉफ्टवेअरमधली नक्कल आहे. मी मुंबईत अंधेरीला मदतनीस म्हणून राबत होतो तिथले मोठे इंजिनियर त्याच्या काट्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "काटा हलला पाहिजे, नाचला नाही पाहिजे." तेव्हा मला ती म्हाताऱ्या माणसाची टूम वाटायची.

हे डोक्यात शिरलं ते एका भजनी मंडळामुळं.

गावाकडं परत आल्यावर पहिलं मोठं काम आलं ते शेजारच्या गावातल्या भजनी मंडळाचं. देवळातच रेकॉर्डिंग. बुवा मधोमध, मृदंग डाव्या हाताला, टाळकरी उजव्या हाताला, पेटी थोडी मागं. मिक्समध्येही मी त्यांना तसंच बसवलं, म्हणजे ऐकणाऱ्याला देवळात बसल्यासारखं वाटावं. तेव्हा माझ्याकडं सेकंडहँड घेतलेला दोन चॅनेलचा कॉम्प्रेसर होता. त्याच्या मागं 'लिंक' नावाचं एक बटण होतं. ते बाहेर होतं, आणि मला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

बुवांना हेडफोन लावून ऐकवलं. दोन अभंग शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "बाळ, मी गाताना एवढा हलतो का?"

मी म्हटलं, म्हणजे?

"अरे, मी एका जागी बसून गायलोय. यात मी दिंडीत नाचत गातोय. मृदंगावर थाप पडली की मी टाळकऱ्यांच्या मांडीवर जातोय."

बुवा बरोबर होते. मधला आवाज म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूला सारखाच असलेला आवाज. मृदंगाची कणीक लावलेली बाजू घुमली की डावीकडचा कॉम्प्रेसर डावी बाजू दाबायचा, उजवी तशीच राहायची. मग बुवा उजवीकडं सरकायचे. घुमारा संपला की परत मधे. लिंक म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकींचा हात धरायचा: एक दाबली तर दुसरीही तेवढीच दाबायची. बटण आत दाबलं, बुवा जागेवर बसले.

पण मग दुसरंच सुरू झालं. आता मृदंगाची थाप पडली की सगळेच खाली जायला लागले. बुवा, पेटी, टाळ, वीणा, सगळे. थाप जाते, सगळे वर येतात, परत थाप, परत सगळे खाली. पाण्यात बुडी मारून मारून गाणाऱ्या माणसासारखं. मृदंगाचा आवाज तेवढा मोठा होता म्हणून शिक्षा सगळ्यांना. आणि कानाला मात्र उलटंच वाटतं, मृदंग दाबला गेलाय असं वाटत नाही, बाकीचे कमी पडतायत असं वाटतं. टीव्हीवरच्या चर्चा बघताना मला हे नेहमी आठवतं. असो.

त्यावरचा इलाज साधा असतो, पण मला सापडायला आठवडा गेला. खालचा घुमारा कॉम्प्रेसरच्या कानावर जाऊच द्यायचा नाही. तो ऐकू येतो ऐकणाऱ्याला, पण बटणावर हात ठेवून बसलेल्या माणसाला नाही. मग तो खालच्या दणक्याला दचकत नाही. प्रमाण दोनास एक. ओढायला 30 मिलीसेकंद उशीर, म्हणजे थापेचं पहिलं टोक, ती 'त' म्हणून जी फुटते ती, सुटून जाते आणि मग हात पडतो. काटा 2 डेसिबलच्या पलीकडं जाऊ द्यायचा नाही. एवढं केलं आणि अचानक ते सगळे लोक एकाच देवळात, एकाच सतरंजीवर बसल्यासारखे वाटायला लागले. स्टिरिओ कॉम्प्रेसरचं काम हेच. चांगला लावला तर तो लावलाय हे कळत नाही, काढला की काहीतरी उसवल्यासारखं वाटतं.

जाता जाता उत्सुकता म्हणून काटा 12 पर्यंत नेऊन बघितला आणि शेवटचं बटण वर केलं. दोन कडव्यांच्या मधे बुवा थांबतात, फक्त वीणा राहते, त्या जागी देवळातल्या पंख्याची किरकिर मोठ्यानं ऐकू यायला लागली. बुवांचा श्वास, मागं कुणीतरी पिशवी चुरगाळली तो आवाज, सगळं बुवांच्या गाण्याएवढंच. बुवा म्हणाले, "हे नको. थांबलेलं कळलं पाहिजे की."

एवढं कळलेल्या माणसानं गेल्या वर्षी काय केलं ते आता सांगतो.

गेल्या वर्षी हीच पोरं आली होती. हलगी, घुमकं, वर एक बेसची लाईन, मधे मंडळाच्या नावाचा जयजयकार. हलगी मी खरी वाजवून घेतली होती, वाजवणारा असा काही तयारीचा की पहिल्या ठोक्याला अंगावर काटा. कच्चं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा हलगीचा ठोका सरासरी आवाजाच्या वर 15 डेसिबल उडत होता. ती उडी म्हणजेच हलगी. पोरं म्हणाली, "दादा, छान आहे, पण बारीक वाटतंय. त्या दुसऱ्या मंडळाचा बघ," आणि मोबाईलवर एक ट्रॅक लावला. तो विटेसारखा होता. कॉम्प्युटरवर आवाजाचा आलेख काढतात ना, डोंगरदऱ्या दिसायला पाहिजेत, तिथं सलग भिंत.

मीही भिंत बांधली. प्रमाण दहास एक, हात पडायला अजिबात उशीर नाही, सोडायलाही घाई. काटा नाचला. त्याच्यापुढं लिमिटर, म्हणजे कॉम्प्रेसरचा आडदांड भाऊ. हलगीची 15 ची उडी 6 वर आली. मग शेवटचं बटण वर. पोरं खूश. आठ हजार रुपये मिळाले, त्याच दिवशी.

इथं जरा गणित आहे, पण सोपं आहे. उड्या छाटून 9 डेसिबल जागा मोकळी झाली आणि सरासरी आवाज तेवढा वर गेला. दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. 9 म्हणजे तीनदा दुप्पट, आठपट. म्हणजे तोच अँप, तेच बेस, तेच टॉप, सर्वोच्च टोकाचा काटा तिथंच, पण समोर उभ्या माणसाच्या कानात आठपट ऊर्जा. कामाच्या जागी आवाज किती वेळ सोसावा याचा अमेरिकेतल्या संशोधन संस्थेनं घालून दिलेला एक हिशेब जगभर वापरतात: 85 डेसिबलला आठ तास, आणि मग दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा, 100 ला पंधरा मिनिटं. 91 आणि 100 मधे अंतर किती? 9. मी पोरांच्या कानाचे दोन तास पंधरा मिनिटांवर आणले. आठ हजारात.

मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा मी गच्चीवर होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीएवढा सेट. चौकात समोरून दुसरं मंडळ आलं, कुणीच मागं सरकेना, आणि माझा ट्रॅक एका जागी पाऊण तास वाजला. खिडकीची काच तावदानात थरथरत होती. मला आधी, खरं सांगतो, अभिमान वाटला. आपलं काम एवढ्या लोकांना नाचवतंय. मग आई आठवली आणि खाली गेलो.

आई 76 वर्षांची. तिला कानाचं मशीन आहे. ती स्वयंपाकघराच्या मागच्या न्हाणीत पाटावर बसली होती, दार लावून. मशीन काढून मुठीत धरलेलं. मला बघून म्हणाली, "मशीन काढलं तरी छातीत वाजतंय रे." थोड्या वेळानं म्हणाली, "तू तीन दिवस पुढच्या खोलीत लावत होतास तेच ना हे?"

मी हो म्हटलं.

आता हे कानाचं मशीन. ते बसवलं तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी आईला एक प्रश्न विचारला होता, "मोठ्या आवाजाचा त्रास होतो का?" मला तो विनोद वाटला. ज्याला ऐकू येत नाही त्याला मोठ्या आवाजाचा काय त्रास? तर त्यांनी समजावलं की वयानं कान जातो तेव्हा बारीक आवाज ऐकू यायचे बंद होतात, पण मोठे आवाज सोसायची ताकद काही वाढत नाही. ऐकू येणं आणि असह्य होणं यातली जागाच अरुंद होते. म्हणून मशीन सगळंच मोठं करत नाही. नातवाचं हळू बोलणं उचलतं आणि ताट पडल्याचा आवाज दाबतं. मी विचारलं, म्हणजे कॉम्प्रेसरच? त्या म्हणाल्या, हो, तसाच, फक्त फार छोटा.

म्हणजे एकाच घरात एकच यंत्र दोन ठिकाणी होतं. आईच्या कानामागं, तिला माणसात ठेवण्यासाठी. आणि माझ्या कॉम्प्युटरमधे, तिला न्हाणीत बसवण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजत होती. बारीक, कुकरची लांबून ऐकू यावी तशी. तीन दिवस राहिली. आमच्या धंद्यात ही गोष्ट कुणी बोलत नाही, कारण कान गेलेला मिक्सिंगवाला म्हणजे हात गेलेला न्हावी. गुपचूप जाऊन तपासणी केली. आलेखात 4000 हर्ट्झपाशी खड्डा. आवाजानं खराब होणाऱ्या कानाची ती ठरलेली खूण आहे, पहिला खड्डा तिथंच पडतो. तो एका मिरवणुकीचा नाही, वीस वर्षांचा आहे, डॉक्टरांनी तेही सांगितलं. आणि तो भरून येत नाही.

परत त्या डिप्लोमावाल्या पोराकडं येतो. मीटरवर दिसायला नको, पण वाजलं पाहिजे.

त्याला वाटत होतं की पोलिसांचं मीटर सर्वात उंच टोक मोजतं, मग टोकं छाटली की सुटलो. तसं नाहीये. आपल्याकडं ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. बाजारपेठेत 65 आणि 55. दवाखाना, शाळा, कोर्टाभोवतीच्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. लाऊडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज तिथल्या ठरवलेल्या पातळीच्या 10 डेसिबल वर किंवा 75 डेसिबल, यातलं जे कमी असेल तेवढाच चालतो. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सणासमारंभासाठी रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सूट वेळेची आहे, आवाजाची नाही. आणि हे जे 55-45 चे आकडे आहेत ना, ते टोकाचे नाहीत. ठरावीक वेळातल्या ऊर्जेच्या सरासरीचे आहेत. म्हणजे कॉम्प्रेसर जी गोष्ट वाढवतो, नेमकी तीच मोजायची आहे. कायदा लिहिणाऱ्याला कान कसा खराब होतो ते माहीत होतं.

पोरगं म्हणालं, "मग तर उलटच झालं."

उलटच आहे. खरी हलगी वाजली तर टोक तेवढंच उंच, पण सरासरी कितीतरी कमी. दाबलेला ट्रॅक त्याच टोकाला मीटरमध्ये जास्त भरतो.

पण मीटर काय करणार? पाच फुटांवर धरलं तर एक आकडा, चौकाच्या कोपऱ्यावर धरलं तर दुसरा, आणि कारवाई होते ती दुसऱ्या दिवशी, मंडळाच्या अध्यक्षावर आणि साउंडवाल्यावर. ट्रॅक करणाऱ्याला आजवर कुणी विचारलेलं नाही. साउंडवाल्याचं तर दोन्हीकडून मरण. आमच्या ओळखीच्या एकानं कर्ज काढून अँप आणि बेस घेतलेत. मंडळ म्हणतं दणका नाही तर पैसे कापू, पोलीस म्हणतात दणका दिसला तर सेट जप्त. त्याचा हप्ता या दोघांपैकी कुणी भरत नाही.

आपल्याकडं या सगळ्याला 'डॉल्बी' म्हणतात. डॉल्बीमुक्त गणेशोत्सव, डॉल्बीला बंदी. मला दर वर्षी त्या शब्दाचं हसू येतं आणि वाईटही वाटतं. रे डॉल्बी नावाच्या माणसानं 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली ती आवाज कमी करायला. टेपवर जी खरखर असते ती घालवण्यासाठी. त्याच्या पहिल्या यंत्रातही कॉम्प्रेसरच होता: रेकॉर्ड करताना बारीक आवाज उचलून ठेवायचे, ऐकताना परत जागेवर न्यायचे, त्यात खरखर खाली जाते. बारीक आवाज वाचवणाऱ्या माणसाचं नाव आपण बारीक आवाज मारणाऱ्या भिंतीला दिलं.

आणि कमेंटमध्ये जे येणार आहे त्याचं आधीच सांगतो. हे फक्त गणपतीचं नाही. वरात, जयंती, उरूस, सभा, विजयी मिरवणूक, सगळीकडं तोच सेट आणि माझ्यासारख्यानं बांधलेली तीच भिंत. मी सगळ्यांचे ट्रॅक केलेत, सगळ्यांचे पैसे घेतलेत. दुसरं, ढोल-ताशा म्हणजे संस्कृती आणि डॉल्बी म्हणजे विकृती, असं वाटून घेणं मला जमत नाही. पन्नास ढोल एका गल्लीत वाजले तर तोही आवाज कानाला माफ करत नाही, वाजवणाऱ्या पोरापोरींच्या तर नाहीच नाही. फरक एवढाच की माणसाचे हात दुखतात. ढोलवाला थांबतो, पाणी पितो. ट्रॅक थांबत नाही.

हा रोग फक्त आपलाच, असंही नाही. बाहेर याला 'लाऊडनेस वॉर' म्हणतात. 2008 साली मेटालिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आला तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी ओरड केली की आवाज फाटलाय. का कळलं? तर तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली आली होती आणि लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली. टीव्हीवर जाहिरात लागली की रिमोट शोधावा लागतो, त्यामागंही हेच: टोक कार्यक्रमाएवढंच, सरासरी वर. 2010 साली युरोपातल्या प्रक्षेपकांच्या संघटनेनं टोक मोजणं सोडून सरासरी मोजायचं माप ठरवलं, त्याच वर्षी अमेरिकेनं जाहिरातींच्या आवाजावर कायदा केला. आता स्पॉटिफायसारखी ॲप्ससुद्धा सरासरी मोजून मोठी गाणी आपणहून खाली ओढतात. म्हणजे विटेसारखं दाबलेलं गाणं तिथं मोठं वाजत नाहीच, फक्त चपटं वाजतं. दाबून मिळवलेलं सगळं परत जातं आणि छाटलेली टोकं तेवढी गेलेली राहतात.

हेच मी पोरांना करून दाखवलं. गेल्या वर्षीचा ट्रॅक आणि त्याच हलगीचं हलकं दाबलेलं मिक्स, काटा 2 वर ठेवून. दोन्ही ट्रॅकची सरासरी सारखी केली, म्हणजे मोठा कुठला आणि बारीक कुठला हा फरकच राहिला नाही. हे फार महत्त्वाचं, कारण माणसाच्या कानाला अर्धा-एक डेसिबल मोठं असलेलंही आधी 'चांगलं' वाटतं. आम्हीही फसतो. मग त्यांना पाठमोरं बसवलं, कुठला कुठला ते न सांगता वाजवलं.

चौघांनीही हलकं दाबलेलं निवडलं. एक जण मागं वळून म्हणाला, "ही हलगी गेल्या वर्षी कुठं होती?"

गेल्या वर्षीही तीच होती. मी तिच्यावर दहास एक बसवला होता.

मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात तिसरं पोरगं, जे इतका वेळ बिस्किटं खात होतं, म्हणालं, "ते इथं बरोबर आहे दादा. पण चौकात समोरच्यांचा सेट आला की यातलं काय ऐकू येणार?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आत्ताही नाही. दोन भिंती समोरासमोर आल्यावर डोंगरदऱ्या कुणाला ऐकू येणार? तो प्रश्न कॉम्प्रेसरचा नाही, चौकाचा आहे. दोन्ही मंडळांचे अध्यक्ष एकत्र बसले, सेट किती मोठा ठेवायचा हे ठरवलं, साउंडवाल्यानं आपल्या सिस्टिमच्या तोंडावर लिमिटर लावून कुलूप घातलं, तर कदाचित. म्हणजे बघा, तिथंही लिमिटरच, पण मूळच्या राखणदारीच्या कामावर. मी म्हटलं, दोन्ही मंडळांना बसवून हे दाखवायला मी फुकट येतो. माझी खुर्ची, माझे स्पीकर, चहा मंडळाचा.

पोरं म्हणाली, अध्यक्षांशी बोलतो. जाताना डिप्लोमावाल्यानं विचारलं, कानाची तपासणी कुठं केली आणि किती पैसे लागले. मी सांगितलं. त्यानं काही बोलून दाखवलं नाही, पण दोन्ही कानांना हात लावून बघितला, तिथंच उभ्या उभ्या.

काल रात्री फोन आला. "दादा, अध्यक्ष म्हणतायत दोन्ही बनवून द्या. एक पोलिसांसमोर लावू, एक चौकात."

मी रात्री बसून एकच बनवला. हलगी परत नीट ऐकली, काटा 2 च्या पुढं जाऊ दिला नाही, ठोक्याचं पहिलं टोक सुटू दिलं. आई पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, मशीन कानात होतं. म्हणाली, हलगी आहे होय.

सकाळी व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन निळ्या रेषा आल्यात. पैसे अजून आलेले नाहीत, आणि दोन मंडळांच्या बैठकीचंही काही कळवलेलं नाही. आमच्या भागातल्या कुणाची त्या दोन्ही अध्यक्षांशी ओळख असेल तर कृपया ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा.